बरणीत गोट्या किती? अंदाज असा काढा

शाळेचं गॅदरिंग असो नाहीतर सोसायटीचा आनंदमेळावा, गोट्यांनी भरलेली बरणी ठेवून "किती आहेत ओळखा" हा स्टॉल असतोच. बरेच जण अंदाजपंचे 500 नाहीतर 1000 लिहून पुढे जातात, पण खरं सांगते, दोन मिनिटं हिशोब केला तर आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं आणि त्यात खूप मजा आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बरणीच्या घनफळाला गोटीच्या घनफळाने सरळ भागणे. गोल वस्तू एकमेकींना चिकटून बसल्या तरी मधे फटी राहतातच. अगदी नीट रचल्या तरी 74 टक्क्यांच्या वर जागा भरत नाही, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये म्हटलं होतं आणि त्याचा पुरावा गणितज्ञ थॉमस हेल्सने दिला तो थेट 1998 मध्ये! आणि आपल्या बरणीत कोणी रचत नाही, सरळ ओततात, ओतून हलवून घट्ट बसवल्या तरी साधारण 64 टक्के, नुसत्या ओतल्या तर 60 च्या आसपास. मी 60 धरते, कारण काचेला लागून फटी अजून जास्त पडतात.

आता उदाहरण घ्या. बरणी आतून 14 सेंमी रुंद, 20 सेंमी उंच. त्रिज्या 7, म्हणजे 3.14 × 7 × 7 × 20 = साधारण 3077 सीसी. त्याचे 60 टक्के 1846. गोटी 16 मिमीची असेल तर तिचं घनफळ व्यासाचा घन गुणिले 0.52, म्हणजे 2.14 सीसी. भागलं की आल्या 860 च्या आसपास. फटी विसरून भागाकार केला असता तर 1400 च्या वर गेलो असतो, बघा केवढा फरक!

पण खरी मेख गोटीच्या मापात आहे, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. व्यासाचा घन होतो त्यामुळे मापातली छोटी चूक फुगते, तीच गोटी 16 ऐवजी 14 मिमीची निघाली तर 860 चे 1285 होतात. म्हणून एकीवरून माप घेऊ नका, काचेलगत एका ओळीत आलेल्या पाच-सहा गोट्या दिसल्या तर त्यांची एकूण लांबी पट्टीने बघा आणि भागा, नाहीतर तसलीच गोटी घरी असेल तर ती मोजून जा. जाड काचेतून आतलं थोडं मोठं दिसतं हेही लक्षात ठेवा, आणि बरणीची रुंदी बाहेरून मोजली तर दोन्ही बाजूंची काचेची जाडी वजा करा. वरती मान निमुळती असेल तर तेवढी उंची कमी धरा.

गोट्यांऐवजी चपट्या गोल चॉकलेट गोळ्या असतील तर 60 धरू नका, त्या जास्त दाटीने बसतात, 2004 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी एम अँड एम्स या चॉकलेट गोळ्या भरून बघितलं तर सुमारे 68 टक्के आले.

वस्तू डब्याच्या मानाने मोठी असेल तर मात्र हे टक्के विसरा. 5 सेंमीचे लाडू 20 सेंमी रुंद आणि तेवढ्याच उंच गोल डब्यात भरायचेत तर सूत्राने 57 येतात, पण तळाला मावतात 11 आणि थर 4, म्हणजे 44 च्या आसपास, खाचेत बसवले तर थोडे जास्त. इथे थर मोजणंच बरोबर.

खोक्यांचंही तेच, घर शिफ्ट करताना हे फार उपयोगी पडतं. टेम्पोचा हौदा 220 × 150 सेंमी आणि माल 150 उंचीपर्यंत रचायचा, खोकी 45 सेंमीची चौकोनी. घनफळाने भागलं तर 54 येतात, पण लांबीत 4, रुंदीत 3, उंचीत 3, म्हणजे 36 च. उरलेल्या फटीत खोकं जात नाही, तिथे गाद्या आणि उशा टाका. प्रत्येक बाजूला वेगळा भागाकार करा, अपूर्णांक सोडून द्या आणि मगच गुणा, आणि टेम्पोवाल्याला फोन करायच्या आधी करा.