कॉम्प्युटर असेंबल करून विकताय? मालाच्या साखळीतल्या या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात माझं असेंबलिंगचं दुकान आहे, शाळा, सोसायट्या, सीए लोकांची ऑफिसं हे माझं गिऱ्हाईक, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, की प्रोसेसर इंटेलचा नाहीतर एएमडीचा, विंडोज मायक्रोसॉफ्टचं, हार्डडिस्क जगात दोनतीन कंपन्याच बनवतात, म्हणजे तुमच्या पीसीत आणि शेजारच्या दुकानातल्या पीसीत आतून फारसा फरक नसतोच. फरक पडतो तो माल तुमच्याकडे किती दिवस पडून राहतो आणि गिऱ्हाईकाला कधी मिळतो यात. मोठ्या कंपन्या याच जोरावर एकमेकींच्या पुढे गेल्यात आणि आपण छोटे लोक नेमके इथेच अडकतो. दर पावसाळ्यात कोणीतरी नवीन दुकानवाला फोन करून हीच अडचण सांगतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

भाव वाढणार म्हणून माल भरून ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलीय. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडला मोठा पूर आला, बँकॉकच्या वरच्या अंगाला असलेल्या इंडस्ट्रियल इस्टेटी पाण्याखाली गेल्या, त्यात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने होते आणि हार्डडिस्कच्या मोटर बनवणाऱ्या निडेकचेही. काही आठवड्यांतच हार्डडिस्कचे भाव जवळपास दुप्पट. मुंबईहून होलसेलवाल्याचा फोन आला, "शेट, अजून चढणार, आत्ताच उचला," आणि मी ६० नग उचलले, तेही उधारीवर. पुढच्या वर्षी कारखाने पुन्हा सुरू झाले, भाव खाली यायला लागले, आणि माझ्या डिस्क रॅकवर तशाच. एकेक विकली जायची तेव्हा खरेदीचं बिल डोळ्यासमोर यायचं. तो तोटा भरून काढायला मला पुढची दिवाळी उजाडली.

हे डेललासुद्धा चुकलं नाही. १९८९ साली त्यांनी मेमरी चिप भरमसाट घेऊन ठेवल्या, भाव कोसळले आणि कंपनी चांगलीच अडचणीत आली. त्यातून ते जे शिकले त्याच्यावर पुढची दहापंधरा वर्षं त्यांनी राज्य केलं: आधी गिऱ्हाईकाची ऑर्डर, मग जोडणी. सुटे भाग सप्लायरच्याच गोदामात, ते गोदाम कारखान्याच्या जवळ, लागेल तसं मागवायचं. मॉनिटर तर डेलच्या कारखान्यात यायचेच नाहीत, बनवणाऱ्याकडून थेट गिऱ्हाईकाच्या पत्त्यावर जायचे. बाकीच्यांकडे माल आठवडेच्या आठवडे पडलेला असायचा तेव्हा यांच्याकडे जेमतेम पाचसहा दिवसांचा. त्या काळात पार्टचे भाव आठवड्याला साधारण एक टक्का उतरायचे असं धरलं जायचं, म्हणजे १० लाखांचा माल दोन महिने पडला तर पाऊण लाखाच्या वर नुसते हवेत गेले. शिवाय गिऱ्हाईकाचे पैसे आधी यायचे, सप्लायरला नंतर द्यायचे, म्हणजे धंदा दुसऱ्याच्या पैशावर चालायचा.

ॲपलचंही तेच. १९९७ च्या आर्थिक वर्षात त्यांना एक अब्ज डॉलरच्या आसपास तोटा झाला होता, १९९८ मध्ये पुढे सीईओ झालेले टिम कुक आले आणि त्यांनी पहिल्यांदा गोदामं आणि सप्लायर कमी केले, महिन्याभराचा साठा काही दिवसांवर आणला. त्यांच्या आयमॅक कॉम्प्युटरचं कौतुक सगळे करतात, पण ही गोदामं बंद झाली नसती तर आयमॅकने एकट्याने कंपनी तारली असती असं मला वाटत नाही.

पोदेराचा (पाववाल्याचा) माल आणि पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या बेगमीचा) माल वेगळा न करणं

आता हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात, काहीच ठेवायचं नाही, सगळं ऑर्डर आली की मागवू. गोव्यात हे चालत नाही. आपल्याकडे बहुतेक माल न्हावाशेवा किंवा चेन्नईला उतरून मुंबई नाहीतर बेंगळुरूमार्गे रस्त्याने येतो, जुलैत घाटात दरड आली की दोनचार दिवस गेलेच, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात तर ट्रान्सपोर्टवाला फोनसुद्धा उचलत नाही.

याचं उत्तर आपल्या घरातच आहे. पोदेर रोज पहाटे भट्टी लावतो, टोपली भरून सायकलने निघतो आणि परत येईपर्यंत टोपली रिकामी, कारण उद्याला तो पाव कोण घेणार. आणि मे महिन्यात आपल्या घरी पुरुमेंत भरतो, सुकी मासळी, मिरच्या, सोलं, तांदूळ, कारण ते टिकतं आणि पावसात मिळत नाही. पार्टची अशीच वाटणी करा. रॅम, एसएसडी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड हे पाव. कॅबिनेट, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), कीबोर्ड-माऊस, पॉवर कॉर्ड, पॅच कॉर्ड (नेटवर्कची छोटी केबल), बटण सेल हा पुरुमेंत, यांचे भाव फार हलत नाहीत, जूनच्या आधी भरून ठेवा. यूपीएसची बॅटरी मात्र पुरुमेंतात धरू नका, लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न करता पडून राहिली की आतून खराब होते. आणि आपली दमट हवा विसरू नका, खोका जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलात तर सप्टेंबरात रॅमच्या सोनेरी पट्टीवर डाग आणि कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज दिसणारच, मी बघितलाय.

मोठ्या कंपन्या पुरुमेंत वेगळ्या पद्धतीने भरतात. २००५ च्या नोव्हेंबरात ॲपलने फ्लॅश मेमरीसाठी पाच कंपन्यांना मिळून १.२५ अब्ज डॉलर आगाऊ देऊ केले, २०१० पर्यंतचा पुरवठा पक्का केला. गोदामात एक चिप नाही, पण बाजारात टंचाई आली तरी यांचा वाटा राखलेला. आपण एवढं करू शकत नाही, पण सप्लायरला थोडा ॲडव्हान्स देऊन तीन महिन्यांचा कोटा आणि भावाची पद्धत ठरवता येते, आणि ती कागदावर घ्या. २०२५ च्या शेवटी एआय सर्व्हरच्या मागणीने रॅमचे भाव झपाट्याने चढले तेव्हा याची किंमत कळली.

एका पार्टमुळे सगळी ऑर्डर अडते? आधी हा हिशोब करा

एका पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेची २५ पीसींची ऑर्डर होती. सगळं आलेलं, फक्त एसएमपीएसचा ट्रक घाटापलीकडे उभा. २५ मदरबोर्ड टेबलावर मांडून नऊ दिवस बसलो, हेडमास्तर रोज फोन करायचे, "मुलांचे प्रॅक्टिकल अडलेत हो," आणि मला उत्तर सुचायचं नाही.

समजा पीसीला आठ पार्ट लागतात आणि प्रत्येक पार्ट शंभरातल्या ९५ वेळा वेळेवर येतो, ऐकायला छान वाटतं, पण आठही एकत्र वेळेवर यायचं प्रमाण शंभरात फक्त ६६. म्हणून महागड्या पार्टकडेच बघत राहू नका, पाचशे रुपयांचा पार्टसुद्धा तीस हजारांचं बिल अडवतो. शिवाय दोन रस्ते ठेवा, एक सप्लायर मुंबईचा, एक बेंगळुरूचा. मुंबईकडचा हायवे अडला तर कोलाड-वेर्णा रो-रो आहे, ट्रकच रेल्वेवर चढून येतो, ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच विचारून ठेवा. २००२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची २९ बंदरं दहाएक दिवस बंद पडली तेव्हा डेलने जंबो विमानं भाड्याने घेऊन आशियातून पार्ट आणले, कारण त्यांनी आधीच तयारी करून ठेवली होती.

फार लवकर पीसी पूर्ण बांधून ठेवणं

८ जीबी, ५१२ एसएसडी असे दहा पीसी तयार करून ठेवायचे आणि येणाऱ्याला १६ जीबी हवं असतं. मग खोला, बदला, परत टेस्ट करा. एचपीला प्रिंटरमध्ये हीच अडचण होती, अमेरिकेत बनवून जहाजाने युरोपात पाठवायचे, महिनाभर लागायचा, आणि प्रत्येक देशाचा प्लग वेगळा, मॅन्युअल वेगळं, म्हणजे एका देशात माल पडलेला तर दुसऱ्यात तुटवडा. त्यांनी मग सगळे प्रिंटर सारखेच पाठवायला सुरुवात केली आणि पॉवर सप्लाय, मॅन्युअल युरोपातल्या गोदामात ऑर्डर बघून घातलं. आपणही कॅबिनेट, बोर्ड, एसएमपीएस जोडून टेस्ट करून ठेवावं, रॅम आणि एसएसडी गिऱ्हाईक समोर असताना घालावी.

घाबरून जास्तीची ऑर्डर टाकणं

टंचाईची बातमी आली की आपण १० ऐवजी २० मागवतो, म्हणजे निदान १० तरी मिळतील. डिस्ट्रिब्युटर सगळ्यांचे वीस जोडून वर पन्नास टक्के जास्त सांगतो, कंपनी त्यावर आणखी बनवते, आणि सहा महिन्यांनी तोच माल स्कीममध्ये, म्हणजे सवलतीत, तुमच्या दारात येतो. सप्लायरला खरा आकडा द्या, गेल्या तीन महिन्यांत किती विकले तेवढाच. असं केल्यावर माझ्या सप्लायरने टंचाईत मला आधी माल दिला, कारण माझा आकडा फुगवलेला नसतो हे त्याला माहीत झालं होतं.

आणि वॉरंटीत परत जाणारा माल विसरू नका. बिघडलेला बोर्ड मुंबईला जाऊन यायला तीन आठवडे सहज जातात. जे मॉडेल तुम्ही सर्वात जास्त विकलंय त्याचा एक बोर्ड आणि एक एसएमपीएस वेगळ्या खोक्यात "विकायचं नाही" असं लिहून ठेवा, गिऱ्हाईकाचा पीसी त्यावर त्याच दिवशी चालू करून द्या, आणि मुंबईहून परत आलेला बोर्ड त्या खोक्यात टाका.