वायफाय रखडतंय? आधी लिंक स्पीड बघा

वायफाय अचानक रखडलं की लगेच नेटवाल्याला फोन लावू नका, आधी लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधला वेग, बघा. सिग्नल कमी झाला, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवायला लागली की वायफाय कार्ड आपणहून स्पीड खाली आणतं, २.४ गिगाहर्ट्झवर तर पार १ एमबीपीएसपर्यंत, आणि खरी अडचण ही की त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना होतो कारण एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. १५०० बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसवर साधारण पाव मिलीसेकंदात जातं, १ एमबीपीएसवर त्यालाच १२ मिलीसेकंद लागतात, तोवर बाकीचे ताटकळत.

आमच्याकडे आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे चार्जिंगला लावलेला जुना फोन फोटो बॅकअप करत बसायचा, तो बाहेर आणून ठेवला आणि हॉलमधला टीव्ही अडकायचा थांबला.

राउटरमध्ये बेसिक रेट किंवा मिनिमम रेट असा पर्याय असेल तर त्यातले १, २, ५.५, ११ एमबीपीएस हे हळू स्पीड बंद करा, फक्त ८०२.११बी या अगदी जुन्या वायफाय प्रकारावर चालणारा प्रिंटर वगैरे असेल तर तो मग जोडला जाणार नाही. स्पीड एकाच आकड्यावर फिक्स मात्र करू नका, ऑटोच राहू द्या, नाहीतर दोन खोल्या पलीकडे गेलात की कनेक्शनच तुटेल.