सर्व्हिसिंगला दिलेली गाडी बिघडून परत आली तर

डिलिव्हरी घेताना गाडी कोरडी आणि उजेडात बघा. नुकत्याच धुतलेल्या ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत, आणि संध्याकाळी सातला गाडी हातात देण्याची पद्धत गॅरेजवाल्यांच्या सोयीचीच आहे. वाकून दाराखालची पत्र्याची कड पाहा. जॅक भलत्या जागी लावला की ती दबते. डिपस्टिक काढून ऑईल तपासा. काही आढळलं तर तिथेच जॉब कार्डावर (गॅरेजने लिहिलेल्या कामाच्या कागदावर) लिहा, सुपरवायझरची सही घ्या. सही देत नसतील तर त्याच मजकुराचा ईमेल गॅरेजच्या आवारातूनच पाठवा. ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली आपली सही मात्र करू नका.

बिल अडवून धरण्यात फायदा नाही. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 ने गॅरेजला दिला आहे. पैसे भरा, पण बिलावर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहा. जॉब कार्डावर छापलेल्या ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ या वाक्याने घाबरून जाऊ नका. ताब्यात घेतलेल्या वस्तूची, एखादा सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणं त्याच कायद्याच्या कलम 151 प्रमाणे गॅरेजचं कर्तव्य आहे.

खरी अडचण येते ती घरी पोचल्यावर दिसणाऱ्या बिघाडाची. नेहमीचं उदाहरण ऑईल गळतीचं. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑईल काढायचा खालचा बोल्ट, जोर लावून आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याचे) आटे जातात. किंवा जुनाच वायसर परत बसवलेला असतो. फिल्टर बदलताना जुना रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिला आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तरी ऑईल धारेने जातं. ऑईलचा लाल दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. दिवा दिसूनही पाच किलोमीटर चालवलीत तर ‘इंजिन तुम्हीच जाम केलंत’ हे उत्तर तयार असतं, आणि ते सर्वस्वी खोटंही नसतं.

दुसऱ्या गॅरेजकडून लगेच दुरुस्ती करून घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि पुरावा तर त्या बोल्टमध्येच असतो. आधी पहिल्या गॅरेजला पाहणीसाठी लेखी बोलवा. दुसऱ्या मेकॅनिककडून किंवा परवानाधारक सर्व्हेयरकडून कारण, किलोमीटर आणि अंदाजे खर्च लेटरहेडवर घ्या. काढलेले पार्ट जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतून तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते, म्हणून मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

ट्रायल घेताना मेकॅनिकने गाडी ठोकली, तर ‘साहेब, इन्शुरन्समधून करून देतो’ असं गोड बोलून सांगतात. तो क्लेम तुमच्या पॉलिसीवर पडतो. पाच वर्षं क्लेम न करता साठवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) पुढच्या हप्त्यात जातो, शिवाय सक्तीच्या वजावटीची रक्कम, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने भरायचा वाटा, खिशातून जाते. इन्शुरन्स वापरायचाच असेल तर हे दोन्ही आकडे गॅरेजकडून लेखी मागा.

मग नोटीस. स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर प्रत कंपनीलाही. भाषा कोरडी ठेवा: ‘जॉब कार्ड क्रमांक अमुक, तारीख अमुक. ड्रेन बोल्टचे आटे गेल्याने ऑईल गळाले. चेंबर, ऑईल आणि टोइंग मिळून रु. इतके 15 दिवसांत द्यावेत.’ पावत्या जोडा. मनस्तापाचा मोठा आकडा टाकलात तर नोटीस कोणी गंभीरपणे घेत नाही.

उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्या तिथे सहसा उत्तर देतात. कोपऱ्यावरचं गॅरेज देईलच असं नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, म्हणजे सर्व्हिसिंगचं बिल जवळपास नेहमीच यात बसतं. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी टॅक्सी असेल आणि स्वतः चालवून पोट भरत असाल, तर तक्रारीतच तसं स्पष्ट लिहा; नाहीतर ‘व्यावसायिक वापर’ हा समोरच्याचा पहिला आक्षेप असतो.