बनी तो बनी, नाहीतर परभणी : दोनदा पडलेल्या फौजीचा हिशोब

आमच्याकडं पेन्शन घेऊन गावी आलेला प्रत्येक फौजी 'मेजर' असतो. तो नाईक असो, हवालदार असो, नाहीतर माझ्यासारखा सुभेदार. २०१६ला तोफखान्यातून २८ वर्षं पुरी करून मी पूर्णा तालुक्यातल्या माझ्या गावी उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी एसटी स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं मला प्रमोशन दिलं. "मेजर, चहा घ्या. पैसे नगं." मी परभणी लोकसभेला दोनदा उभा राहिलो आणि दोनदा पडलो, त्याचं मूळ त्या फुकट चहात आहे.

अलीकडं बरेच निवृत्त भाऊ विचारतात की साहेब, उभं राहावं म्हणतोय, काय काय लागतं? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय. उभं राहू नका असं मी म्हणत नाही. पण मी जसा राहिलो तसं राहू नका.

आधी कागद, कारण फौजीला कागदाची भीती नसते आणि तिथंच तो फसतो. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. मी २०१९ला मोजून दहा नेले. त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. राहतो आमच्याच गावात, पण मतदार यादीत नाव वसमतला. वसमत म्हणजे हिंगोली लोकसभा. गेला अर्ज! अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी गावातून दोघं जण मोटारसायकलवर बोलावले आणि तीन वाजायच्या आत दुसरा संच दिला. एका अनामत रकमेवर चार संच देता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पहिल्यापासून दोन संच करा, सूचक बारा-तेरा ठेवा आणि प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक स्वतः डोळ्यांनी बघा. मेहुण्याच्या शब्दावर जाऊ नका.

नमुना २६चं शपथपत्र असतं, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, पाच वर्षांचं आयकराचं उत्पन्न सगळं लिहायचं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे. आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून रीतसर सुटल्याचं पुस्तक, जवळ असू द्या. सरकारी सेवेतून बडतर्फ झालेल्याला पाच वर्षांच्या आत उभं राहायचं असेल तर निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ला वाराणसीत सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेल्या जवानाचा अर्ज याच कागदापायी बाद झाला. रीतसर पेन्शनवर आलेल्याला ही अडचण नाही, पण छाननीच्या टेबलावर कोणी शंका काढली तर कागद पुढं टाकता आला पाहिजे.

अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. ती परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. आमच्याकडं बारा लाख मतं पडली असं धरा. मग दोन लाखांच्या वर मतं पाहिजेत, आणि तीही जिंकायला नाही, नुसते २५,००० परत मिळवायला. हे गणित मी अर्ज भरायच्या आधी केलं नव्हतं. तोफेचा पल्ला, वारा, तापमान सगळं मांडून गोळा टाकणारा माणूस मी, पण इथं पाटीच कोरी होती.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं लागतं, तेही अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं. एका माणसाला रोखीनं १०,०००च्या वर देता येत नाही. गंगाखेडचा मंडपवाला चेक घेईना. "मेजर, तुम्ही आज आहात, उद्या दिल्लीला गेल्यावर कुठं शोधू?" माझ्या विजयाची खात्री असलेला बहुतेक तो एकटाच.

चिन्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अपक्षानं मुक्त, म्हणजे कुठल्या पक्षाला राखून न ठेवलेल्या, चिन्हांतली तीन पसंतीनं द्यायची असतात. मी कपबशी पहिली मागितली, ती आणखी एकानं मागितली होती. चिठ्ठी टाकली आणि माझ्या वाट्याला तिसऱ्या पसंतीचं शिवणयंत्र आलं. २८ वर्षं १५५ आणि १०५ मिलिमीटरच्या तोफांवर घालवली आणि शेवटी शिलाई मशीन! सोनपेठ तालुक्यातल्या एका गावात पत्रक हातात घेऊन एक आजी म्हणाली, "नाव लिहून घ्या बाबा, आमच्या सुनेला मशीन पाहिजे." सोबतचा पोरगा तिला समजावत बसला की ही योजना नाही, निवडणूक आहे. तिनं पत्रक परत दिलं. नंतर पाच-सात गावांत हेच झालं, तेव्हा मी समजावणं सोडून दिलं. चिन्हाला हसू नका मात्र. २०२४ला दिंडोरीत 'तुतारी' नावाच्या चिन्हावर एका अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली, कारण शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. माणसं बटण चित्र बघून दाबतात. अपक्षाचं चित्र मतदाराला कधी कळतं? २०१९ला आमची माघारीची तारीख होती २९ मार्च. त्या दिवशी चिन्ह मिळालं. १८ एप्रिलला मतदान, १६ला संध्याकाळी प्रचार बंद. हातात अठरा दिवस.

त्या अठरा दिवसांत काय काय येतं बघा. परभणी लोकसभेत विधानसभा सहा : परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड आणि जालना जिल्ह्यातली परतूर आणि घनसावंगी. मतदान केंद्रं दोन हजारांवर. रोज शंभरावर केंद्रं झाली तर एकदा फेरी पुरी होते. माझ्याकडं एक बोलेरो, एक भोंगा, चार पोरं आणि विहिरीसाठी ठेवलेले साडेसहा लाख. खर्चाची मर्यादा तेव्हा ७० लाख होती, २०२४ला ती ९५ लाख झाली. ती मर्यादा बघून सुरुवातीला दडपण आलं होतं. नंतर कळलं, ते आपल्यासाठी नसतंच. दिवसाला वीस गावं धरली तरी जीव जायचा. एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी बारा ते चार पारावर कुत्रंसुद्धा नसतं. माणसं भेटतात ती लग्नाच्या पंगतीत, आणि तिथं नवरदेवाच्या मामापेक्षा तुम्हाला मान कमी.

पहिल्या वेळी मी फ्लेक्सवर वर्दीतला, छातीवर मेडल लावलेला फोटो टाकला होता. तिसऱ्या दिवशी समज मिळाली की काढा. सैन्याचे, जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका अशी आयोगाची सूचना २०१३पासून आहे आणि पुलवामा-बालाकोटनंतर मार्च २०१९ला ती पुन्हा काढली होती. मी वाद घातला, फोटो माझाच आहे म्हणालो. नियम वाचायला हवा होता, चूक माझीच. चाळीस फ्लेक्स उतरवले. त्यातले काही अजून आमच्या गोठ्यावर उलटे टाकलेले आहेत, पावसात गळत नाहीत.

मला वाटायचं, माजी सैनिकांची मतं आपली. कोणती मतं? सातारा, सांगली, कोल्हापूरकडं घराघरात फौजी, साताऱ्याच्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजी फौजेच्या भरतीची ती पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा इकडं रुजलीच नाही. गावात एक-दोन फौजी, तेही चार पक्षांत वाटलेले. आणि ज्यांच्यासोबत उभी नोकरी काढली ते माझ्या युनिटचे जवान? ते आपापल्या गावच्या मतदारसंघाला टपाली मत देणार. माझ्यासाठी जीव देतील, मत देऊ शकत नाहीत.

नुसत्या मानावर जागा निघत असती तर जनरल करिअप्पा पडले नसते. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख, पुढं फील्ड मार्शल झाले, ते १९७१ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. ब्रिगेडियर सुधीर सावंत १९९१ला राजापुरातून निवडून आले ते काँग्रेसच्या तिकिटावर. जनरल व्ही. के. सिंह २०१४ला गाझियाबादेतून आले ते भाजपच्या. वर्दीनं तिकीट मिळायला मदत होत असेल, पण गाडा ओढला तो तिकिटानं.

२०१९ला २३ मेला निकाल लागला. एका विधानसभेला साधारण १४ टेबलं धरली तर सहाची ८४. माझे मतमोजणी प्रतिनिधी पाच. नोटा माझ्या पुढं होता. एवढंच सांगतो, आकडा सांगत नाही.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. नमुना २० म्हणून एक तक्ता असतो, त्यात कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं ते सगळं येतं. तो मिळाला तेव्हा आमच्या लिंबाखाली मी आणि माझे चुलते आबा बसलो. चष्मा लावून, पट्टी धरून मी माझ्या गावाची ओळ काढली. दोन केंद्रं मिळून अठराशेच्या आसपास मतदार आणि मला पडलेली मतं २१२. ज्या दोन गल्ल्यांत मी दारोदार हात जोडले होते, पोरांच्या अकादमीसाठी मैदान सपाट करून दिलं होतं, त्या गल्ल्याही यातच आल्या.

"आबा, तुम्ही तरी टाकलं का?"

आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "बापू, तू पडणार ते समद्या गावाला ठाऊक होतं. मत वाया कशाला घालवायचं? तुला सरपंचाला उभं राहा म्हणलं असतं तर टाकलं असतं."

राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण तक्ता पुन्हा पुन्हा बघताना लक्षात आलं. तोफखान्यात पहिला गोळा सहसा निशाण्यावर पडत नाही. पुढं ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेला माणूस बघतो की दोनशे मीटर कमी पडला, शंभर डावीकडं गेला. तो वायरलेसवर सांगतो, मग तोफ हलते. मी अठरा दिवस ओपीशिवाय गोळे टाकत होतो. कुठं पडले ते बघायला दोन हजार केंद्रांपैकी जेमतेम तीस ठिकाणी माझा माणूस होता. बाकी ठिकाणी मतदान प्रतिनिधीच नाही, म्हणून मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण किती मतं नोंदली याचा जो नमुना १७सी देतो, तोही घ्यायला कोणी नाही. फौजेत हुकूम दिला की माणूस जागेवर असतो. इथं पोरगं सकाळी सात वाजता बूथवर बसायला तयार होतं आणि आठ वाजता दुसऱ्या पक्षाच्या टेबलावर पोहे खाताना दिसतं. त्याला कोर्टमार्शल करता येत नाही.

म्हणून २०२४ला मी दोन हजारांचा नाद सोडला. पूर्णा आणि पालम तालुक्यातली साठ गावं घेतली, दीड वर्ष आधीपासून. मतदार यादी घेऊन घरं मोजली. पुण्याला, भिवंडीला, ऊसतोडीला गेलेले कोण, परत कधी येणार, मयत कोण, सगळं वहीत. साठातल्या एकेचाळीस गावांत बूथवर माझा माणूस शेवटपर्यंत बसला. खर्च तीन लाख दहा हजार. २६ एप्रिलला मतदान होतं. २३ला हनुमान जयंती, गावोगाव भंडारा, त्या एका दिवसात जेवढी माणसं भेटली तेवढी आदल्या आठवड्यात भेटली नव्हती. वाढप्याच्या बादलीला हात लावा, भाषण करू नका.

पण वहीत न मावणारी गोष्टही होती. शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं उपोषण २०२३ला झालं आणि मराठवाड्यात पारावरचा पहिला प्रश्न बदलला. "तुम्ही कोणत्या समाजाचे?" मी म्हणायचो, फौजीला जात नसते. लोक हसायचे, वाईट वाटून न घेता हसायचे. शेतमालाचा भाव, पीकविमा, अग्निवीर होऊन चार वर्षांनी परत येणारी पोरं, हे सगळं मी बोलायचो, लोक मानही हलवायचे. मत मात्र आपल्या माणसाला. मला ते पटत नाही, पण ते बेइमान आहेत असंही मी म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या भांडणात कोणी तरी जिंकणारा पाहिजे होता आणि मी जिंकणारा नव्हतो.

एकूण मतं पहिल्यापेक्षा कमी पडली. साठ गावांत मात्र दुप्पट झाली, आमच्या गावात ४३७. अनामत अर्थातच दोन्ही वेळा गेली.

एक काम पडल्यावरही उरतं आणि पडलेली माणसं तेच विसरतात. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. प्रचारातही खर्च निरीक्षक तीनदा वही तपासतात आणि त्यांची स्वतःची वेगळी नोंदवही असते. चहा, खुर्ची, भोंगा, सगळ्याचा दर जिल्ह्यानं ठरवलेला असतो, तुम्ही चहा फुकट प्यायला असला तरी तो दरपत्रकानं लावायचा. एसटी स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला मी दोन्ही वेळा पावती मागितली. दुसऱ्या वेळी त्यानं पैसेही घेतले.

मागच्या महिन्यात जिंतूरकडचा एक हवालदार भेटायला आला होता, यंदाच सुटलेला. २०२९ची तयारी करतो म्हणाला, पत्रकाचा मजकूरही लिहून आणला होता, चार पानं. मी म्हटलं, पत्रक राहू दे. तुझ्या गावच्या केंद्राचं मागच्या वेळचं नमुना २०चं पान घेऊन ये आणि मतदार यादी घेऊन ये, मग बसू. हो म्हणून गेला. अजून आला नाही.