नाशिकमध्ये जोडीने निसर्गात एक सकाळ: बेत कसा आखावा

साखरपुडा नुकताच झालेला असो किंवा संसाराला बरीच वर्षे उलटलेली असोत, दोघांना निवांत बोलण्यासाठी जागा हवी असते. हॉटेलात समोरासमोर बसल्यावर काय बोलावे हे पुष्कळदा सुचत नाही. बागेत किंवा पाणथळीच्या काठी मात्र दोघे एकाच दिशेने पाहत असतात, त्यामुळे विषय आपोआप निघतो आणि काही वेळ गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही.

सर्वप्रथम एकच ठिकाण ठरवावे. सोमेश्वर, गंगापूर धरण, पांडवलेणी आणि तपोवन एका दिवसात उरकायला गेल्यास निम्मा वेळ गाडीवरच जातो. ओळख नवी असेल आणि हाताशी तासाभराचाच वेळ असेल, तर वर्दळ असलेले शहरातील उद्यान किंवा गोदापार्क उत्तम. चालण्याची आवड असल्यास पांडवलेण्यांच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान निवडावे, म्हणजे झाडीतून फिरून झाल्यावर त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांपर्यंतही चढता येते. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत आणि त्याची पत्नी दक्षमित्रा हिने ओवरी दान दिल्याचा लेखही त्याच लेण्यात कोरलेला आहे. पतीपत्नींची नावे सुमारे दोन हजार वर्षे एकाच छताखाली नांदलेली पाहण्यासाठी तेवढ्या पायऱ्या जरूर चढाव्यात.

पूर्ण सकाळ मोकळी असेल, तर माझ्या मते निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला तोड नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेले हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. नाशिकहून पहाटेच निघावे, कारण ऊन चढले की पक्ष्यांची हालचाल मंदावते. निफाडची थंडी बोचरी असते. स्वेटर आणि कानटोपी घ्यावी, कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत आणि अत्तर टाळावे. प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

दुर्बीण एकच असली तरी चालते, किंबहुना जोडीसाठी तेच बरे. आधी दोन्ही नळ्या जवळ किंवा दूर करून आपल्या डोळ्यांच्या अंतराशी जुळवाव्यात. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करावे आणि नंतर डावा डोळा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी. ही कडी प्रत्येकाच्या नजरेनुसार वेगळी लागते, म्हणून दुर्बीण हातात आली की ज्याने त्याने ती पुन्हा जुळवून घ्यावी. पक्षी दाखवताना ‘तो बघ, तिकडे’ एवढ्याने भागत नाही. ‘बाभळीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला, पाणकणसांच्या पुढे’ अशी खूण सांगावी लागते. समोरच्याला नेमके दिसेपर्यंत धीराने सांगत राहणे, हीच या सहलीची खरी गंमत आहे. जांभळी पाणकोंबडी काठाच्या गवतातच फिरत असल्याने तिच्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर नारिंगी-तपकिरी चक्रवाक शोधावा. संस्कृत कवींनी रात्री ताटातूट होणारी म्हणून वर्णिलेली जोडी हीच, आणि दिवसा हे पक्षी बहुधा जोडीनेच दिसतात.

मोबाईलवर गाणी लावू नयेत, पक्ष्यांना खाऊ टाकू नये आणि सेल्फीसाठी पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळील खडक निसरडे असतात, तेथे तर काठापासून दूरच राहावे. कुठे जात आहोत हे घरी कुणाला तरी सांगून ठेवावे, एकांताच्या हौसेने आडबाजूला जाऊ नये आणि अंधार पडण्याआधी परतावे. जवळ बसणे, हात धरणे, फोटो काढणे यांपैकी काहीही दुसऱ्याला मनापासून रुचेल तेवढेच असावे; लोकांच्या नजरांमुळे जोडीदार संकोचत असेल, तर तो संकोच मान्य करून चालत राहावे.

घरून पोळी-भाजीचा डबा आणि थर्मासमध्ये चहा घ्यावा व कचरा परत आणावा. जोडीदाराला पक्ष्यांत गोडी नाही असे दिसले, तर निरीक्षण मनोऱ्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ धरून ठेवू नये आणि पुढच्या वेळचे ठिकाण त्याला किंवा तिलाच निवडू द्यावे.