घरगुती लिव्हर एस्प्रेसो यंत्र: वापर आणि निगा

एस्प्रेसो म्हणजे गरम पाणी दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलून काढलेली दाट कॉफी. ती काढणाऱ्या लिव्हरच्या यंत्रात पंप नसतो आणि बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक सर्किटही नसते. बॉयलर, त्यातले पाणी तापवणारे एलिमेंट, एक दट्ट्या आणि तो खालीवर करणारा दांडा, म्हणजेच लिव्हर, एवढाच त्याचा पसारा असतो, आणि बिघडण्याजोगे थोडेच असल्यामुळे ते टिकते. ‘ला पावोनी’ या इटालियन कंपनीचे १९६१ साली आलेले ‘युरोपिकोला’ हे यंत्र मूळ रचना फारशी न बदलता आजही बनते, आणि कित्येक दशकांपूर्वीची यंत्रे नवी रबरे घालून रोज वापरली जातात. मात्र पंपाचे काम येथे हाताला करावे लागते आणि ते शिकण्यात पहिले काही आठवडे आणि बरीच कॉफी खर्ची पडते, हे घेण्यापूर्वीच मान्य केलेले बरे.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. थेट लिव्हरमध्ये दाब हातानेच द्यावा लागतो. दट्ट्याचा व्यास ५ सेंमी धरला, तर एस्प्रेसोला लागणाऱ्या ९ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) दाबासाठी त्याच्यावर सुमारे १८० किलोंचा भार यावा लागतो. दांड्याच्या लांबीमुळे त्याचा लहानसा हिस्साच हाताला पेलावा लागतो, तरीही हलके यंत्र ओट्यावर सरकते, म्हणून दुसऱ्या हाताने पोर्टाफिल्टरची, म्हणजे कॉफीची जाळी बसवून यंत्राला अडकवायच्या भागाची, मूठ धरून ठेवावी. स्प्रिंगच्या यंत्रात दांडा खाली ओढून स्प्रिंग दाबायची असते आणि पुढचे काम स्प्रिंग करते. सुरुवातीला जास्त आणि हळूहळू उतरत जाणारा दाब तिच्याकडून आपोआप मिळत असल्याने नवशिक्याला ती सोपी जाते. पण कॉफी भरलेली नसेल किंवा फार जाड दळलेली असेल, तर विरोधच न उरल्यामुळे सोडलेला दांडा हनुवटी फोडील इतक्या जोराने उसळतो. खालून विरोध जाणवेपर्यंत दांडा सोडू नये आणि चेहरा दांड्याच्या वाटेत आणू नये.

कॉफी दळणाऱ्या ग्राइंडरवर काटकसर करू नये. माझ्या मते साधे यंत्र आणि उत्तम ग्राइंडर ही जोडी उलट जोडीपेक्षा केव्हाही सरस ठरते, कारण दळण किंचित बदलले तरी दांड्याला लागणारा जोर बदलतो.

बंदिस्त बॉयलरच्या यंत्रात पाणी, त्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवरील खुणांच्या मर्यादेत भरावे. एलिमेंट उघडे पडेल इतके ते कधीही उतरू देऊ नये, कारण कोरडे तापलेले एलिमेंट जळते. पाणी तापू लागले की वाफेचा नळ थोडा वेळ उघडून आत अडकलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. ती राहिली तर दाबमापकाचा काटा वर जातो, पण पाणी पुरेसे तापलेले नसते. मापकावर ०.८ बार दाब असताना बॉयलरमधील पाणी सुमारे ११७ अंश सेल्सियसला असते. कॉफीला ९० ते ९५ अंश पुरतात, आणि मधली उष्णता दट्ट्याभोवतालचा जड धातू शोषून घेतो. त्यामुळेच त्या धातूच्या थंड-गरमपणावर चव ठरते: पहिला कप आंबट लागतो आणि लागोपाठचा चौथा जळका. पहिल्या कपाआधी रिकामा पोर्टाफिल्टर लावून थोडे गरम पाणी त्यातून काढावे, आणि दोन-तीन कपांनंतर यंत्राला थोडी उसंत द्यावी.

सुरुवातीला १४ ग्रॅम कॉफी, कपात सुमारे २८ ग्रॅम पेय आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा वेळ हे प्रमाण धरावे. थेट लिव्हरचा दांडा वर उचलला की पाणी आत शिरते. तो तसाच सात-आठ सेकंद वर ठेवून कॉफी भिजू द्यावी आणि मग दाब बेताबेताने वाढवावा. दांडा घट्ट लागावा, पण सरकत राहावा. तो भसकन खाली गेला तर दळण जाड आहे. जागचा हललाच नाही तर दळण फार बारीक आहे, आणि अशा वेळी अंगाचा भार टाकून तो ढकलणे म्हणजे सांधे आणि रबर दोन्हींना शिक्षा होय. मध्येच दांडा झटक्याने वर घेतल्यास खालची कॉफी वर ओढली जाऊन तिचा थर फुटतो.

कप भरल्यावर पोर्टाफिल्टर लगेच काढू नये. घाईत मी तो एकदा फिरवला आणि उरलेल्या दाबाने कॉफीचा सगळा गाळ भिंतीवर आणि शर्टावर उडाला. फुसफुस थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग मूठ कणाकणाने फिरवावी. बॉयलरचे झाकणही वाफ नळातून पूर्ण सोडून, काटा शून्यावर आल्याशिवाय उघडू नये. तेथे घाई केल्यास भाजते.

निगा थोडीच असते, पण ती टाळता येत नाही. जड पाण्याचे क्षार एलिमेंटवर बसतात, म्हणून मुळात मृदू पाणी वापरणे हे नंतर सायट्रिक ॲसिडने क्षार काढत बसण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी झिरपू लागले, तर तेथील रबरी रिंग कडक झालेली असते. दट्ट्याच्या वरच्या बाजूने पाणी येऊ लागले, तर दट्ट्याची रबरे झिजलेली असतात. दांडा कुरकुरू लागला की दट्ट्या काढून, पुसून, खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकोन ग्रीज पातळ लावावे; साधे यंत्रतेल कदापि वापरू नये. रबरांचा एक संच यंत्राबरोबरच घेऊन ठेवावा आणि तो घेताना यंत्राचे साल तपासावे, कारण एकाच नावाच्या यंत्राची मापेही बदलतात: जुन्या ‘युरोपिकोला’ची कॉफीची जाळी ४९ मिमीची आहे, नंतरच्यांची ५१ मिमीची.