एटीसी उशिरा उतरवतं, ऑटोपायलट आयएलएस सोडून देतो: घरच्या सिम्युलेटरवर करायचं काय

घरी फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. ऑटोपायलट सांगितलेलं ऐकत नाही, आणि एटीसी (विमानांना रेडिओवरून सूचना देणारं हवाई वाहतूक नियंत्रण) भलत्या वेळी भलतंच सांगतं. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: सिम काढून परत टाका, हे ॲड-ऑन विकत घ्या, ते मॉड उडवा. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते. एटीसी काय बोलतंय ते ऑटोपायलटला ऐकू येत नाही, आणि ऑटोपायलट कुठल्या मोडमध्ये आहे ते एटीसीला कळत नाही. मधला निरोप्या म्हणजे तुम्ही. निरोप उशिरा गेला किंवा चुकीच्या बटणावर गेला, की विमान आयएलएस (धावपट्टीपर्यंत खाली आणणारे रेडिओ सिग्नल) सोडून धावपट्टीच्या डोक्यावरून आरामात पुढे निघून जातं.

उदाहरणाला जी१००० पॅनेलचं (काट्यांऐवजी पडद्यांवर सगळं दाखवणारं) सेसना १७२ हे छोटं विमान घेऊ, पुण्याहून मुंबई, उतरायचं धावपट्टी २७ वर. प्रत्यक्षात जेट विमानांच्या त्या रांगेत हौशी सेसनाला कोण घुसू देणार? पण सिम असतं कशासाठी! मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर असो की एक्स-प्लेन १२, बटणांची नावं तीच आहेत.

आधी साफसफाई

असिस्टन्सच्या पानावरचं विमान स्वतःहून ट्रिम करणारं, रडर सांभाळणारं सगळं बंद करा. एकच थ्रॉटल किंवा एलिव्हेटर दोन उपकरणांना जोडलेलं नाही ना, ते कंट्रोल्समध्ये बघा. कपाटात पडलेला गेमपॅड वायरलेस जोडलेला राहतो, आणि ऑटोपायलट दर मिनिटाला का सुटतो म्हणून माणूस डोकं धरून बसतो. जुन्या जॉयस्टिकला थोडा डेड झोन (हलली तरी परिणाम न होणारी मधली जागा) द्या.

बटणाकडे नाही, वरच्या पट्टीकडे बघा

बटण दाबलं म्हणजे काम झालं, हा समज आधी सोडा. जी१००० च्या मुख्य पडद्यावर सगळ्यात वर एक पट्टी असते. डावीकडे दिशेचा मोड, मध्ये एपी (ऑटोपायलट चालू असल्याची खूण), उजवीकडे उंचीचा मोड. हिरव्या अक्षरांत असेल ते आत्ता चालू आहे. पांढऱ्या अक्षरांत असेल ते टपून बसलंय, अजून पकडलेलं नाही. एअरबसमध्ये पांढऱ्याच्या जागी निळा रंग असतो, बाकी तर्क तोच. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर पट्टी वाचायची, तोंडाने मोठ्याने वाचली तरी चालेल. घरचे हसतील, हसू देत.

एअरबस उडवणाऱ्यांसाठी एवढंच: नॉब आत ढकलला की कारभार विमानाच्या कॉम्प्युटरकडे जातो, बाहेर ओढला की तुमच्याकडे येतो. एटीसीने दिशा दिली तर नॉब फिरवून बाहेर ओढायचा. नुसता फिरवून सोडला तर विमान आपल्या ठरल्या वाटेनेच जातं, आणि मग ‘ऑटोपायलट बिघडलाय’ अशी बोंब होते.

चढताना

टेकऑफनंतर ऑटोपायलट लावण्याआधी हेडिंगचा बग (हवी ती दिशा दाखवणारी खूण) नाकासमोर आणा, नाहीतर एचडीजी (त्या दिशेने नेणारं बटण) दाबल्याबरोबर विमान भलतीकडे कलतं. बॅरोमीटरसाठी, म्हणजे उंचीमापक तिथल्या हवेच्या दाबाला जुळवायला, मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बी दाबा. एटीसी उंचीवरून सारखं टोकत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

ऑल्ट हे बटण फसवं आहे. पुण्याहून पश्चिमेकडे जाताना ८००० फूट उंची लावली, विमान ४२०० वर आहे आणि तुम्ही ‘आता आठ हजारांवर जा’ अशा समजुतीने ऑल्ट दाबलंत, तर ते ४२०० लाच थांबेल. ऑल्टचा अर्थ ‘आहे तिथेच राहा’. आठ हजारांवर जायला आधी नॉबने उंची लावायची, मग एफएलसी (ठरलेला वेग धरून चढणं-उतरणं) किंवा व्हीएस (मिनिटाला ठरावीक फूट चढणं-उतरणं) दाबायचं. लावलेली उंची आली की ऑटोपायलट आपोआप सपाट होतो, ऑल्टला हात लावायची गरजच पडत नाही.

चढताना व्हीएस वापरू नका. सेसना १७२ एस समुद्रसपाटीला मिनिटाला जेमतेम ७३० फूट चढतं, तेही पूर्ण ताकदीवर आणि ७४ नॉट्सच्या आसपास. लोहगावची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या वर आहे. तिथे व्हीएसमध्ये १००० लावलंत तर ऑटोपायलट निमूटपणे नाक उचलत राहील, वेग साठाच्या खाली येईल आणि विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल सुटेल. एफएलसी वेग धरून ठेवतो आणि जितकं जमेल तितकंच चढतो. चढायला एफएलसी, उतरायला व्हीएस, लहान विमानात हा नियम मोडायचं मला आजवर काही कारण सापडलेलं नाही.

एटीसीचं किती ऐकायचं

सिममधल्या तयार एटीसीचं मी तीन गोष्टींत ऐकतो: फ्रिक्वेन्सी, कुठली धावपट्टी, आणि उतरायची परवानगी. उंचीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. हा आवाज बहुतेक वेळा खाली यायला उशिरा सांगतो. कधी उलट, डोंगर पार व्हायच्या आधीच खाली ये म्हणतो. कर्जतहून मुंबईकडे वळताना वाटेत माथेरान आहे, सुमारे २६०० फूट उंच. तिथे ३००० वर या असं सांगितलं तर मुकाट्याने जाणार का?

म्हणून उतरण कुठे सुरू करायची ते स्वतः काढा. कागदही लागत नाही: जितके हजार फूट खाली यायचंय त्याला तीनने गुणा, तितके सागरी मैल लागतात. ८००० वरून ३००० वर यायचंय, म्हणजे पाच हजार, म्हणजे १५ मैल. ३००० वर सपाट व्हायचंय धावपट्टीच्या १२ मैल आधी. बेरीज २७ होते, एखादा मैल गाठीशी ठेवून २८ धरा. नकाशावर हे साधारण कर्जत येतं. उतरायचा दर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट: १२० नॉट्स असतील तर मिनिटाला ६०० फूट. असं उतरलात तर माथेरान सहा हजारांच्या आसपास पार होतं आणि तळोज्याच्या उत्तरेला तुम्ही बरोबर तीन हजारांवर असता. एअरबसलाही हेच गणित लागू आहे, फक्त वेग कमी करायला आणखी दहा मैल धरायचे.

कर्जत आलं आणि एटीसी गप्प आहे, तर मेनूतून खालची उंची मागा. दिली तर उत्तम. नाही दिली तर उतरायला लागा. तो दोन-चार वेळा ‘आठ हजारांवर परत जा’ म्हणेल, फार झालं तर तुमचा आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचा) प्लॅन रद्द करेल. करू दे. धावपट्टी कुठे पळून जात नाही. हा आगाऊपणा फक्त यांत्रिक आवाजासमोर करायचा हे मात्र ध्यानात ठेवा.

आयएलएस पकडणं

सगळ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि ‘एपीआर दाबा, बाकी ऑटोपायलट बघेल’ असं लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो म्हणूनच. एपीआर, म्हणजे आयएलएस पकडायला सांगणारं बटण, दाबणं ही शेवटची कृती आहे. त्याआधी चार गोष्टी जागेवर लागतात, आणि एक जरी चुकली तरी विमान काही न बोलता सरळ पुढे जातं.

पहिली, फ्रिक्वेन्सी. अप्रोच (धावपट्टीकडे येण्याची ठरलेली वाट) लोड केली की आयएलएसची फ्रिक्वेन्सी पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात येते, पण कधी ती बाजूच्या स्टँडबाय जागेत बसून राहते. अदलाबदल करून चालू जागेत आणा. शेजारी स्टेशनची अक्षरं उमटली म्हणजे सिग्नल येतोय. अक्षरं नाहीत तर पुढे जाऊच नका. एटीसीने शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलली तर हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यामुळे वाऱ्याची दिशा आधीच बघून ठेवा. पावसाळ्यात मुंबईत वारा पश्चिमेचा, म्हणजे २७ हीच धावपट्टी मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरी, सुई. ऑटोपायलट सुईच्या मागे जातो, आणि सुई कोणाचं ऐकते ते सीडीआय बटण ठरवतं. सुई किरमिजी असेल तर ती जीपीएसची, हिरवी असेल तर आयएलएसची. किरमिजी सुईवर एपीआर दाबलंत तर विमान जीपीएसच्या रेषेवर छान वळतं, धावपट्टीसमोर येतं, सगळं ठीक वाटतं, आणि मग उतरतच नाही. ‘ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उताराचा सिग्नल) पकडत नाही’ अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा या एका रंगात असतं. जी१००० पुष्कळदा स्वतःच सुई बदलतं, पण सिममध्ये त्यावर भरवसा ठेवायचा नाही. सीडीआय दाबायचं, हिरवी झालेली डोळ्यांनी बघायची.

तिसरी, कोन. लोकलायझरच्या (विमानाला धावपट्टीच्या सरळ रेषेत ठेवणाऱ्या सिग्नलच्या) रेषेला साधारण ३० अंशांत भिडायचं. पुण्याकडून येताना नाक थेट विमानतळावर ठेवलंत तर ती रेषा धावपट्टीच्या अगदी जवळ भेटते, तेव्हा काहीही पकडायला वेळ उरत नाही. म्हणून कर्जतपासून ३१० च्या आसपास उत्तरेकडे झुकून तळोज्याकडे जायचं, रेषा जवळ आली की हेडिंग ३०० करायचं. धावपट्टीची दिशा २७०, तुमची ३००, झाले ३० अंश. एटीसी कधीकधी काटकोनात आणून सोडतं आणि वर ‘अप्रोचला परवानगी’ म्हणतं. काटकोनात रेषा ओलांडून विमान पलीकडे जातं, परत येतं, पुन्हा पलीकडे जातं. अशा वेळी त्याने दिलेली दिशा सोडून स्वतःची लावा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, उंची. ग्लाइडस्लोप खालूनच पकडायचा. तीन अंशांचा उतार म्हणजे मैलामागे सुमारे ३२० फूट. धावपट्टीपासून १२ मैलांवर तो उतार ३८०० फुटांच्या आसपास असतो, तुम्ही ३००० वर, म्हणजे त्याच्या खाली. सपाट उडत राहिलात की साधारण ९ मैलांवर, महापेच्या अलीकडे, तो खाली येऊन तुम्हाला भेटतो. पडद्यावरचा ग्लाइडस्लोप दाखवणारा हिरा वरून हळूहळू मध्याकडे सरकताना दिसतो. वरून येत असाल तर ऑटोपायलट वाट बघत बसतो आणि हिरा तळाला चिकटलेला राहतो. प्रत्यक्षातही वैमानिक खालून पकडतात, त्याला कारण आहे: खऱ्या यंत्रणेत तीन अंशांच्या वर, जास्त तिरके असे खोटे ग्लाइडस्लोप तयार होतात.

हे चारही जागेवर आहेत, एचडीजी चालू आहे, वेग शंभराच्या आत आलाय, सिमचा वेळ एकपटीवर आहे. चौपट वेगावर ऑटोपायलट झुलतो. आता एपीआर दाबा आणि पट्टी वाचा. डावीकडे पांढऱ्यात एलओसी (लोकलायझर), उजवीकडे पांढऱ्यात जीएस (ग्लाइडस्लोप) दिसलंच पाहिजे. जीएस दिसत नसेल तर सुईचा रंग परत बघा. थोड्या वेळाने एलओसी हिरवं होतं आणि विमान २७० कडे वळतं, मग जीएस हिरवं होतं आणि नाक खाली जातं. नाक खाली गेल्यावर थ्रॉटल तुम्हालाच ओढायचाय, सेसनात ते काम कोणी करत नाही. ९० नॉट्सला उतरण मिनिटाला साडेचारशे ते पाचशे फूट असावी.

आणि एटीसीने वर लटकवून ठेवलंच असेल तर? व्हीएसमध्ये उणे दोन हजार लावून पाठलाग करू नका. वेग वाढतो, फ्लॅप्स उघडता येत नाहीत, आणि खाली घाटकोपरच्या इमारती मोठ्या होत जातात. थोडंच वर असाल तर एपीआर टपलेला ठेवून उणे हजारपर्यंत उतरा. एअरबसमध्ये उंचीचा नॉब विमानाच्या वरच्या आकड्यावर ठेवून व्हीएसचा नॉब ओढून उणे १५०० लावा, म्हणजे विमान मध्येच सपाट होत नाही. जमिनीपासून १००० फुटांपर्यंत जीएस हिरवं झालं नाही तर थ्रॉटल पुढे, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर), परत तळोजा.

उतरणं

धावपट्टी नीट दिसली की (मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये झेड दाबून) ऑटोपायलट सोडा आणि हाताने उतरवा.

खऱ्या माणसांसमोर

हे सगळं हातात बसल्यावर व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर जा. तिथे २००१ पासून जगभरातले हौशी लोक एटीसी सांभाळतात, फुकट. तिथे वर सांगितलेला आगाऊपणा अजिबात चालत नाही. उंची जमत नसेल तर ‘अनेबल’ म्हणायचं आणि कारण सांगायचं, समोरचा माणूस दुसरी दिशा देतो. कंट्रोलर हजर नसेल तर १२२.८ वर आपण कुठे आहोत, कुठल्या धावपट्टीवर उतरतोय ते लिहीत राहायचं. आणि पहिल्याच दिवशी गर्दीच्या कार्यक्रमात घुसू नका. ज्या वेळी तीन-चारच विमानं असतात, तेव्हा सेसना घेऊन जा आणि नवखे आहोत असं आधीच सांगून टाका.